आधी देऊळ, मग थडगं

केदारने सासऱ्यांना इजिप्त दाखवायचं कबूल केलं ते भरल्या वांग्यांच्या नादात. पोटात दोन वांगी गेली की हा माणूस काहीही कबूल करतो. लग्नसुद्धा त्याने असंच कबूल केलं होतं, असं त्याची बायको आश्लेषा म्हणते आणि तो नाही म्हणत नाही.

झालं असं की जेवताना इजिप्तचा विषय निघाला. आश्लेषाचे वडील श्रीराम, म्हणजे घरातले अण्णा, उमरेडच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दरवर्षी सहावीच्या वर्गाला त्यांनी इजिप्त शिकवलं, फळ्यावर नाईल नदी काढली, पिरॅमिड काढले, आणि स्वतः बघितलं काहीच नाही. गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांची सहल अगदी ठरली होती. गुडघ्याने ऐनवेळी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, थडग्यांच्या पायऱ्या उतराल हो, पण वर कोण आणणार? सहल रद्द झाली, आणि अण्णा त्याऐवजी पाच महिने लेकीकडे, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला येऊन राहिले. आता रविवारी परतीचं विमान होतं.

"राहून गेलं ते," अण्णा ताटाकडे बघत म्हणाले.

"राहून कसं जाईल?" केदार म्हणाला. "मी दाखवतो ना इजिप्त. दीड तासावर तर आहे."

यात थाप नव्हती. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या म्युझियममध्ये इजिप्तहून दगड न् दगड सोडवून आणलेलं अख्खं देऊळ उभं आहे, आणि आत शिरून बघता येईल असं एक थडगंही आहे. केदारची लेक अनिका शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आली होती. "इट्स द रिअल थिंग, आजोबा," ती म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली.

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला आणि थेट जावयाकडे बघितलं. "खरं देऊळ?"

आता यात विशेष काय, असं कुणाला वाटेल. विशेष हे, की लग्नानंतरच्या अठरा वर्षांत अण्णा केदारशी थेट बोललेच नव्हते. राग नव्हता, काही नव्हतं. दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळत नसे. अण्णांना केदारच्या ऑफिसातलं क्लाउड मायग्रेशन कळत नव्हतं, केदारला पानिपत सोडून इतिहास ठाऊक नव्हता. त्यामुळे केदार हातभर अंतरावर बसलेला असला तरी अण्णा विचारायचे, "आशू, जावईबापूंना ताक हवं का बघ." केदारही "अण्णांना म्हणावं, थोडं चालेल," असं उत्तर आश्लेषाकडेच द्यायचा. आज मध्ये आश्लेषा नव्हती. केदारला इतकं बरं वाटलं की त्याने तिथल्या तिथे गुरुवारची सुट्टी टाकली.

दोघांनीच जायचं होतं. पण सकाळी अण्णा फिरायला गेले.

वेस्ट विंडसरच्या त्या कॉलनीत एक तळं आहे. उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील सकाळी त्याच्याभोवती फिरतात, आणि कुणाच्या घरी काल काय झालं हे दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांना कळतं. अण्णांनी बातमी पहिल्याच फेरीला सांगितली. आठ वाजता दारात उल्हासकाका हजर.

उल्हासकाका दोन घरं सोडून राहायचे. ते इजिप्तला जाऊन आलेले होते, निदान ते तरी तसं सांगायचे. खोलात गेल्यावर कळायचं की कैरोच्या विमानतळावर त्यांचे सहा तास गेले होते. पण त्या सहा तासांच्या जोरावर ते त्या देशाबद्दल असं बोलत की समोरच्याची हिंमत होऊ नये. "टोपी घ्यायची," ते म्हणाले. "डोळ्यांत वाळू जाते. आणि पोट बिघडलं तर लागणाऱ्या गोळ्या."

"काका, आपण न्यूयॉर्कला चाललोय."

"तेच म्हणतो. आणि दोघांसाठी एवढा खटाटोप कशाला? मीही येतो."

संध्याकाळपर्यंत केदार सोडून तेरा जण झाले. कुणी नाही म्हणायचं? ज्यांना ज्यांना मुलांनी या उन्हाळ्यात "या वीकेंडला नक्की जाऊ" असं सांगितलं होतं, ते सगळे त्या यादीत होते. आश्लेषाने आनंदाने फोनवर सगळ्यांना सांगून टाकलं की केदार गाईड करणार आहे. केदारने मग जे करायचं तेच केलं. एक्सेल शीट उघडली, तिच्यात गुरुवारचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांत कापला आणि इंटरनेटवरून उतरवून बावीस पानांच्या नोट्स काढल्या. त्याला प्रोजेक्ट मॅनेजर उगीच नव्हते म्हणत.

बुधवारी त्याने म्युझियमला फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तो ग्रुप, ग्रुपचं बुकिंग चार आठवडे आधी, आणि बाहेरच्या गाईडला परवाना लागतो. केदारने विचारलं, समजा नऊ माणसं आली आणि त्याच वेळी आणखी पाच वेगळी माणसं आली, तर?

"आर दे टुगेदर, सर?"

केदार मध्यमवर्गीय माणूस. खोटं बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होतात. "नॉट इमोशनली," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

तेव्हा ठरलं असं. केदार धरून नऊ जणांचा एक गट, पाच जणांचा दुसरा, त्याचे म्होरके उल्हासकाका. गुरुवारी प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी सुटल्यावर केदारने डब्यात उभं राहून एकच सूचना केली. म्युझियमच्या आत गेल्यावर दोन गटांनी एकमेकांना ओळख दाखवायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. लगेच दुसऱ्या गटातल्या एकाला पहिल्या गटातल्या बायकोने रक्तदाबाची गोळी दिली, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत तिखटमिठाच्या पुऱ्या दोन्ही गटांतून फिरून आल्या.

खरा पेच न्यूअर्कच्या अलीकडे पडला. पद्मिनीमावशींनी विचारलं, "आधी काय आहे रे?"

पद्मिनीमावशी म्हणजे कॉलनीचं धर्मपीठ. एकादशी कधी, ग्रहण कधी, अमेरिकेत पितृपक्ष कोणत्या वेळेने धरायचा, हे त्यांनाच विचारतात.

"आधी थडगं," केदार शीट बघून म्हणाला. "दारापाशीच आहे. मग ममीज, आणि शेवटी देऊळ."

मावशींनी हातातली पुरी परत ठेवून दिली.

"थडग्यातून देवळात जायचं?" मावशी म्हणाल्या. "अंघोळ न करता?"

"मावशी, तो माणूस जाऊन चार हजारांवर वर्षं झाली."

"गेला आहे ना पण?"

केदारने सांगून पाहिलं की आपलं त्याच्याशी काही नातं नाही. एक काका म्हणाले, प्रश्न सुतकाचा नाही, विटाळाचा आहे. उल्हासकाका म्हणाले, कैरोत असलं काही पाळत नाहीत. कैरोत तुम्ही खुर्चीवर झोपला होतात, असं त्यांच्या बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटी सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा गुडघा चोळत म्हणाले, "त्या लोकांचंही असंच होतं. पुजारी दिवसातून चार वेळा अंघोळ करायचे. अंगाला पाणी लावल्याशिवाय देवळात पाऊल नाही."

संपलं. इजिप्तचा पुजारीच मावशींच्या बाजूने साक्षीला आल्यावर एक्सेल शीटची काय बिशाद. आधी देऊळ, मग जेवण, कारण मढी बघून अन्न कसं जाईल, आणि शेवटी थडगं, म्हणजे तिथून जे निघायचं ते सरळ घरी न्हाणीघरात. केदारने बावीस पानं उलटी लावली.

कागदावर हे सोपं होतं. पण म्युझियममध्ये देवळाकडे जाणारी सरळ वाट थडग्याच्या आणि ममींच्या मधूनच जात होती. ती टाळायची म्हणजे इमारतीला आतून वळसा घालायचा. केदार नकाशा घेऊन पुढे, मागे आठ जण, त्यांच्या मागे दहा पावलांवर पाच अनोळखी माणसं, जी दर वळणावर "केदार, हळू चाल रे" असं ओरडत होती. ते चिलखतांच्या दालनात शिरले. तिथून बाहेर पडले आणि परत चिलखतांच्याच दालनात शिरले. तिसऱ्या वेळी लोखंडी घोडेस्वारासमोर एका काकूंनी विचारलं, हाच का तो फॅरो? केदारच्या शीटमध्ये या कार्यक्रमाला पंधरा मिनिटं होती, लागली पन्नास. अण्णा पाय ओढत होते, ते त्याला दिसत होतं. मध्येच अण्णांचा गुडघा आखडला तर थडगं राहिलंच, हा हिशेब त्याला नकाशापेक्षा जास्त छळत होता.

आणि मग एका दारातून ते बाहेर आले, आणि समोर देऊळ.

केवढा मोठा हॉल. एका बाजूला अख्खी काचेची भिंत, तिच्यातून येणारा उजेड, पुढे पाणी आणि पाण्यापलीकडे ते पिवळसर दगडाचं देऊळ. उल्हासकाकांनी टोपी काढली. केदारने घसा साफ केला, नोट्स उघडल्या, पहिलं वाक्य तोंडात आलं. बघतो तर सगळे खाली वाकलेले.

बूट काढत होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. देऊळ दिसलं, वाकले. मिनिटभरात भिंतीलगत बुटांची रांग लागली, सगळे पांढरे, सगळे एकाच तऱ्हेचे. कारण आईवडील आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना एकाच घाऊक दुकानात नेऊन तेच पांढरे बूट घ्यायचे, अशी या गावची रीत आहे. केदार त्यांना थांबवायला वाकला, आणि पाहतो तर स्वतःचीच नाडी सोडत होता.

"देव कोणता?" मावशींनी विचारलं.

"देवी आहे. आयसिस."

त्याने नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं तर पुढचं टळलं असतं. देवी म्हटल्यावर मावशींनी पर्समधून खण काढला, तांदळाची पुडी काढली आणि उंबऱ्याशी ओटी ठेवून नमस्कार केला. बाकीचे तोवर प्रदक्षिणेला निघाले होते. पाणी होतं म्हणून प्रदक्षिणा अर्धीच होत होती, तर उल्हासकाकांनी फतवा काढला की महादेवाला अर्धीच घालतात, इथेही चालेल.

तेवढ्यात एक उंच बाई आल्या, कमरेला वॉकीटॉकी, मागे दोन गार्ड. त्यांनी बुटांची रांग बघितली. उंबऱ्यावरचा खण बघितला. मोज्यांवर उभे असलेले तेरा म्हातारे बघितले.

"इज धिस अ ग्रुप?" त्यांनी विचारलं.

"नो," तेराही जण एका सुरात म्हणाले.

आज्ञा इतकी काटेकोर पाळलेली केदारने ऑफिसातही कधी बघितली नव्हती.

"हू इज द गाईड?"

तेरा बोटं त्याच्याकडे वळली. काही वर्षांपूर्वी त्याने चुकून अख्ख्या कंपनीचं ईमेल बंद पाडलं होतं. तेव्हाही त्याला इतकं उघडंवाघडं वाटलं नव्हतं. निदान तेव्हा पायात बूट होते.

बाई भल्या होत्या. त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही. खण आणि तांदूळ त्यांनी मावशींच्या हातात परत दिले, तेही दोन्ही हातांनी, त्यामुळे मावशींचं त्यांच्याबद्दल फार चांगलं मत झालं. मग तीन गोष्टी सांगितल्या. बूट घाला. परवान्याशिवाय गाईडगिरी नको, तेव्हा बघा खुशाल, पण भाषण बंद. आणि थडगं बघायचं असेल तर निघा, ते दालन आज साडेतीनला बंद होतंय.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आता तुम्ही तेरा सारखे जोड एकाच रांगेत ठेवा आणि तेरा माणसांना घाईने घालायला सांगा. एकीला बूट लांब होत होते, एकाला शिरत नव्हते, एक काका म्हणत होते माझ्यात कागद घातला होता, तो कुठाय. वीस मिनिटं त्यात गेली. अण्णांच्या वाट्याला शेवटी दोन बूट उरले, आणि दोन्ही डाव्या पायाचे. म्हणजे कुणाच्या तरी पायात दोन्ही उजवे असणार. ते उल्हासकाकांच्या पायात होते. पण त्यांनी नाड्या घट्ट बांधल्या होत्या आणि ते म्हणत होते, मला तर अगदी बरोबर बसलेत.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "वेळ नाही."

जेवण राहिलं, प्रदक्षिणा अर्धी, भाषणावर बंदी. केदारला रडू यायचं तेवढं बाकी होतं. इतकी हौस केली, आणि ज्याच्यासाठी केली तो माणूस दोन डावे बूट घालून लंगडतोय. त्याने मंडळींना तिथेच बाकांवर बसवलं, अण्णांचा दंड धरला आणि दोघं निघाले. ममींच्या पेट्या, मुखवटे, मांजरं, सगळं बाजूने सरकत गेलं. अण्णांनी कशाकडेही मान वळवली नाही. थडग्याच्या तोंडाशी उभा असलेला गार्ड घड्याळ बघत होता. "फाइव्ह मिनिट्स," तो म्हणाला.

आत अरुंद बोळ होता, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा. दोन्ही भिंतींवर कोरलेली माणसं ओळीने चालली होती, कुणाच्या हातात बदकं, कुणाच्या डोक्यावर भाकरींची टोपली, कुणी बैलाची तंगडी खांद्यावर घेतलेला. केदारच्या नोट्समध्ये याची चार पानं होती. पण बोलायला बंदी. आश्लेषा तिकडे ऑफिसात. त्या बोळात सासरा आणि जावई एकमेकांना चिकटून उभे, आणि मध्ये कुणीच नाही.

अण्णांनी भिंतीजवळ तोंड नेलं. खालपासून वर बघितलं, मग परत खाली. स्वतःच्या पायांतल्या बुटांकडे बघितलं. पुन्हा भिंतीकडे.

"जावईबापू," ते म्हणाले. "यांचे पाय बघा."

केदारने बघितलं. त्या भिंतीवरच्या सगळ्या माणसांच्या दोन्ही पायांचे अंगठे एकाच बाजूला होते.

"दोन्ही डावे," अण्णा म्हणाले. "त्यांची काढायची पद्धतच अशी होती. हे मला माहीत नव्हतं."

मग जे बोलायला लागले ते थांबेनात. एकोणनव्वद साली सहामाहीला त्यांनी इजिप्तच्या माणसाचं चित्र विचारलं होतं, पाच मार्कांना. कुमार नावाच्या मुलाने त्याला दोन्ही पाय डावे काढले. अण्णांनी दोन मार्क कापले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी तो पेपर वर्गात उंच धरून सगळ्यांना दाखवला, म्हणाले, याचा माणूस चालायला लागला तर गोलच फिरेल. वर्ग पोट धरून हसला. दहावी होईपर्यंत पोरं त्याला दोनडाव्या म्हणायची.

"अमेरिकेतच असतो तो," अण्णा म्हणाले. "तिकडे पश्चिम किनाऱ्याला, बॉथेलला. दर गुरुपौर्णिमेला मेसेज करतो. त्याला फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता."

दगडात रेंज नव्हती. केदार त्यांना धरून थडग्याच्या तोंडापर्यंत आला, अण्णांच्या फोनमधून नंबर काढला आणि फोन त्यांच्या कानाला लावला. तसाच धरून तो उभा राहिला. बॉथेलला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. पलीकडे चार माणसं इंग्रजीत बोलत होती, मग खुर्ची सरकली, दार लागलं.

"सर? तब्येत बरी आहे ना?"

"कुमार," अण्णा म्हणाले, "सहावीत मी तुझे दोन मार्क कापले होते. इजिप्तच्या चित्राचे."



"सर, पुस्तकातल्या फोटोत तसंच होतं," कुमार म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा आवाज, पण तक्रार सहावीतलीच. "मी नीट बघून काढलं होतं, सर."

"हो. मीच नीट बघितलं नव्हतं. चौतीस वर्षं शिकवलं, पण बघितलं नव्हतं. तुझं बरोबर होतं. पाचपैकी पाच." अण्णा वर्गातल्यासारखे खाकरले. "आणि वर्गात हसलो, त्याबद्दल मला माफ कर."

"सर, असं नका हो म्हणू."

"म्हणू दे."

गार्डने घड्याळ दाखवलं. साडेतीन होऊन गेले होते. केदारने हात जोडून एक मिनिट मागितलं. गार्डने अण्णांचा चेहरा बघितला, मग त्यांचे बूट बघितले, आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.

"पण सर," कुमार म्हणाला, "हे आज अचानक कसं? तुम्ही आहात कुठे? कुठून बोलताय?"

अण्णांनी एकदा मागे वळून त्या अंधाऱ्या बोळाकडे बघितलं.

"इजिप्तमधून," ते म्हणाले. "आमच्या केदारनं आणलं."